दहावा भाग

तिचं नाव लिहायला कोर्टाची मनाई आहे.
शाळेत कोट अडकवायच्या खुंटीवर तिचं चित्र गोगलगायीचं,
पहिलीपासून तेच, कडा सुटलेलं.
तर इथे मी तिला गोगलगाय म्हणते.

हॅन्लीच्या कोर्टात, गॅलरीत,
माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते,
खिशात पुदिन्याच्या गोळ्या. कुणाचे कोण, मी विचारलं नाही.
खाली वकील सांगत होता:
अशील शांत माणूस. रविवारी मुलांच्या फुटबॉलला शिट्टी वाजवायचा.
शेजाऱ्यांची कुंपणं रंगवून द्यायचा.
आमच्याकडची म्हण ओठांवर आली,
गोगलगाय आणि पोटात पाय,
आणि मी ती गिळली.
ते नाव आधीच दिलेलं होतं.

जज्जबाईंच्या पुढ्यात तक्ता होता.
आडवं, किती दोष. उभं, किती नुकसान.
दोन बोटं जिथे भेटतात त्या चौकोनात एक आकडा:
दहा.

मग वजाबाकी.
त्याने कबूल केलं, पण चौदा महिन्यांनी,
तिची टेप लावायची त्या सकाळी, अगदी दाराशी येऊन.
सुरुवातीलाच केलं असतं तर तिसरा भाग सुटला असता.
दाराशी, म्हणून दहावा.
नऊ.
नवातली सहा आत, तीन बाहेर, नजरेखाली.
माझी साक्ष घडी न मोडता घरी परत आली.

"सहा?" आजोबा म्हणाले. "फक्त?"
आणि दोरखंडाबद्दल काहीतरी पुटपुटले.
मी मान हलवली नाही, ना होकाराला, ना नकाराला.
मी अपूर्णांक शिकवते.
सहा वर्षांनी ती चौदाची असेल,
आणि हा कुठल्यातरी दुसऱ्या गावात बसची वाट बघत उभा.
पण साठ म्हटले असते, तरी
मार्चमधल्या त्या मंगळवारी
ती डबा न उघडता बसली होती सगळी मधली सुट्टी,
ते कुठल्या चौकोनात मांडायचं?

तक्त्यावर माझा राग नाही.
तक्ता नसता तर
एका जज्जाचं डोकं दुखतंय म्हणून वीस,
दुसऱ्याला शिट्टीवाल्याची दया आली म्हणून दोन.
हे कळतं मला.
कळलं की झोप लागते, असं नाही.

सोमवारी मी फळ्यावर सहा नवमांश लिहिलं.
मुद्दाम नाही. निदान मला तसं वाटतं.
वरखाली तीनने भागलं: दोन तृतीयांश.
गोगलगायीने हात वर केला, कोपरापर्यंतच.
"मिस, लहान केलं,
तरी तेवढंच असतं ना?"

हो, म्हटलं.
तेवढंच असतं.

तिने ते वहीत उतरवून घेतलं,
पेन्सिल दाबून.