घट

"प्रथम वर्षाची गुणपत्रिका जोडा," म्हणतो फॉर्म.
मला प्रथम वर्षच नाही.
डिप्लोमावरनं थेट दुसऱ्याला आलो,
जिन्याची एक पायरी गाळून चढावं तसं.
आमच्याकडं मुलीही आलो-गेलोच म्हणतात.
"लिंग"समोर स्त्रीवर टिचकी मारली,
तेवढ्यापुरती आले.

खिडकीतल्या कारंडे मॅडम चष्म्यावरनं बघतात.
"रकाना मोकळा ठेवला तर पुढं सरकत नाही गं ते."
शून्य टाकून बघतात. लाल.
आडवी रेघ टाकून बघतात. लाल.
मागनं रांगेतला एकजण, आवरा की ओ.
मग त्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष तिथं ढकलतात,
माझ्याकडं न बघता.
हिरवं.

उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र तीन खेपा झाल्या.
हुपरीत तलाठी म्हणाले, आई काय करते?
पैंजणाच्या कड्या जोडते.
कुणाकडं?
ज्याचं काम येईल त्याच्याकडं.
महिन्याला किती?
दिवाळीआधीचं सांगू, का आषाढातलं?
त्यांनी पंख्याकडं बघितलं आणि एक आकडा लिहिला,
गोल, शेवटी तीन शून्यं.

आमच्या घरात गोल आकडा नसतो.
शेठकडनं चांदी येते ती तोलून,
जाते ती तोलून.
मधे जे झिजतं, उडतं, आचेत जातं
ती घट.
किलोमागं अमुक ग्रॅम माफ,
त्याच्या वर गेली तर मजुरीतनं कापतात.
म्हणून रोज संध्याकाळी आई फरशी झाडते
आणि केर टाकत नाही,
डालड्याच्या जुन्या डब्यात साठवते.
महिन्यातनं एकदा झारेकरी येतो,
मूठभर धूळ चिमटीत चोळून भाव सांगतो.
त्याच्याशी ती जशी भांडते
तशी शेठशी कधी भांडलेली नाही.

शाहूपुरीतल्या खोलीवर दुसरा फॉर्म उघडला.
कुठल्याशा ट्रस्टचा.
"आपली आर्थिक गरज दोनशे शब्दांत लिहा."
मेहजबीन मुल्लाणी, गडहिंग्लजची, तीही थेट दुसऱ्याचीच,
चहात पाव बुडवत म्हणाली,
जरा रडव की त्यांना. वडलांचं वर घे.
वडील वारलेले नाहीत गं, सेलमला आहेत.
कधी पैसे पाठवतात,
कधी नुसता फोन करून तिथल्या उन्हाचं सांगतात.
मग कसं व्हायचं, म्हणाली ती, आणि पाव पडला चहात.

"मला गरज आहे."
तीन शब्द झाले. एकशे सत्त्याण्णव उरले.

लेथवर शंभर मायक्रॉनची चूक पकडते मी,
पण हे कशानं मोजतात?
किती ओढून लिहिलं की खोटं होतं,
किती ताठ लिहिलं की गरज नाही असं वाटतं?
रात्री दीडला शेवटी डबाच लिहिला.
चांदी, धूळ, झाडू, झारेकरी.
लिहिलं: किलोमागं जेवढी माफ असते
तेवढीच मागते आहे.
ते वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

दोनशे बारा भरले.
बारा काढायचे.
आईच्या खोकल्याचे सात काढले.
झारेकऱ्याच्या भांडणाचे पाच, जिवावर आलं.
दाखल्याचा फोटो दोनशे छप्पन केबीत बसेना,
दाबून दाबून बारीक केला,
शिक्का वाचता येतोय का बघितलं.
येत होता, तिरका डोळा केला तर.

स्थिती: छाननी सुरू.

सकाळी फोन केला.
भरला का?
भरला.
किती भरला?
हाताला वजनाची सवय, जिभेलाही तीच.
दोनशे, म्हटलं.
जरा थांबली.
आणि घट?
बारा.
बरी हाय की, म्हणाली,
आणि पाठीमागं टॉर्च पेटल्याचा
फस्स आवाज आला.