घूं

दस्तगीरमामा म्हणायचे, एक हात खिशात घाल.
दुसराच आत जाईल. दोघांना एकदम मोह नको.
मशीन बंद केलं तरी कपॅसिटर
राग धरून बसतो, तीनशे व्होल्टचा.

जयसिंगपूरच्या पोराचा अ‍ॅम्प.
पाठ उघडी, चार व्हॉल्व्ह, आत नारिंगी निखारे,
आणि गिटार जोडायच्या आधीच
एक जाड, खालचा घूं,
धारेला उशीर झाल्यावर म्हैस करते तसा.

आवाजाचा कान पिळला. तसाच.
पहिला व्हॉल्व्ह उपसला. तसाच.
लाकडी पेन्सिलनं दुसऱ्याला टिचकी: टण्ण.
हा हळवा आहे, पण चोर नव्हे.
फिल्टरचा कपॅसिटर नवा घातला,
घूं बारीक झाला, गेला नाही.
चहावर साय. पोरगं दारात नखं खातंय.

साडेपाचला
भिंतीपलीकडं घाटग्यांचं लेथ थांबलं
आणि व्हॉल्व्हची काच तापल्याची टिकटिक
ऐकू यायला लागली.

अर्थिंग एकच, दोन्ही दुकानांना.
मामांनीच ओढलेलं, सत्त्याऐंशी साली.
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, एकच खड्डा.
उद्यमनगरात तेव्हा सगळेच पैसे वाचवायचे.

पोराकडून कपॅसिटरचेच घेतले.
तो एक तार छेडून गेला, ती बराच वेळ राहिली.

मग लेथ परत सुरू झालं.
रिकाम्या टेबलावर, कशातूनच नाही,
तोच घूं.
इतकी वर्षं मी तो
माझ्या कानाचा समजत होतो.

नवा खड्डा खणायला हवा.
पहार घाटग्यांकडंच आहे.