चादरी आत टाकताना

होळी जळाली की थंडी पळाली, म्हणतात.
सोलापुरात ती तेवढंही थांबत नाही.
गड्ड्यावरचे पाळणे उतरले,
चार दिवस धूळ उडाली,
आणि दुपारचा पत्रा टणटण वाजायला लागला.

सुरतेहून अंबव्वाचा फोन:
"धुतलाव का चादरी? आज पाणी आलं असंल."
पाणी पाचव्या दिवशी. आज पाचवा.
म्हणजे तिकडं बसून तिनं मोजलंय.

चाळीस वर्षं मी जॉबर.
माग अडला की हाक मला.
पण ही ट्रंक कधी उघडली नव्हती.
दरसाल ऋतू माझ्या परस्पर बदलायचा:
एका सकाळी अंगावरची चादर नाहीशी
आणि खुंटीवर मलमलचा सदरा.
मला वाटायचं, हवाच करते हे.

ओकटी, रेंडु, मूडु...
मोजणी अजून तेलुगूतच होते.
नऊ चादरी.
पिळताना मनगट बोललं,
वाळायला मात्र दुपार पुरली.

नऊच्या नऊ सेकंड.
धड माल पेठेत गेला,
घरी आला तो चुकलेला.
ह्या मोराला एक पाय नाही.
पुठ्ठ्याचं एक भोक बुजलेलं,
माझ्या ध्यानात येईतो सात चादरी लंगड्या निघाल्या.
ही हिरवी, हिच्यात मधेच जांभळा पट्टा,
रात्रपाळीच्या यल्लप्पाची डुलकी.
आणि हिच्या किनारीतली ही गाठ
थोरली तान्ही असताना
बोटात धरून झोपायची.
तीच आता तिकडं बाळंत झालीय.

"जाडी खाली. घडी उलट्या बाजूनं घाला.
माझा स्वेटर मधे. ऐकायलाव का?
आणि ती तंबाखूची पुरचुंडी कोपऱ्यात..."
इथं ती खोकली.
मी फोन कानापासून लांब धरला.
सुरतेहून आला तरी
तो खोकला ह्याच खोलीतला वाटतो.

पुरचुंडी सापडली.
लाल फडकं, तीन गाठी.
मांडीवर सूप घेऊन तीस वर्षं
रोजच्या हजार विड्या,
आणि सुपात उरलेला चुरा, मूठभर, दरसाल कपड्यांत.
कसर लागत नाही, झुरळ फिरकत नाही.
किडे शहाणे.
आम्ही मात्र पहिल्या थंडीला
चादर नाकापर्यंत ओढायचो,
तो वास यायचा,
आणि म्हणायचो, आला हिवाळा.

मी ती हातात घेऊन उंबऱ्यात बसलो.
समोर येमूलांचा कडुनिंब
पिवळी पानं गाळायलाय.
त्यांची सून झाडून झाडून वैतागलेली.
"काका, काय वेचायलाव?"
"पानं."
ती बघत राहिली.
ओंजळ ओंजळ आणली,
घडी घडीत पसरली.
पुरचुंडीचं काय करावं कळेना.
गटारीत टाकवेना.
शेवटी बाहेर, पाण्याच्या मीटरमागं ठेवली.

संध्याकाळी पुन्हा फोन.
"ठेवली का?"
"ठेवली."
खोटं नाही. ठेवलीच तर आहे.

कडी लागेना.
ती वर बसायची आणि मी कडी लावायचो
एवढंच ह्या कामातलं माझं काम होतं खरं,
ते आत्ता आठवलं.
एकटा बसलो तर कडीपर्यंत हात पोचेना.
मग एक चादर काढली, लंगड्या मोराची,
आणि कडी लागली.

ती येईल तेव्हा चैत्र असेल,
रस्त्याचं डांबर चपलेला धरत असेल.
पण मे महिन्यातही पंख्याखाली
तिच्या पायांवर काहीतरी लागतं.
हे कुठल्या ऋतूत धरायचं,
विचारायचं राहिलं.

चादर खाटेवर टाकली, नाकाशी नेली.
वास आहे अजून.
परत धुवायला हवी.
पाणी आता पाचव्या दिवशी.