प्रशासक वगळून

रात्री साडेअकरा. डहाणूकरमध्ये दुसऱ्या मजल्यावर
मी काळी खिडकी उघडते.
तिला गज नाहीत, पडदा नाही,
एक पांढरी काडी तेवढी लुकलुकते: बोला.

टेकडीवरची सहाशे बारा झाडं
आणि त्यांना पाणी घालू म्हणालेली दोनशे सात माणसं
माझ्या बोटांखाली आहेत.
इथे मला रूट म्हणतात. म्हणजे मूळ.
घरात मला कुणी इतकं खोल समजत नाही.

एका ओळीत माणूस निलंबित होतो.
एका ओळीत बहाव्याचा फोटो
पळसाच्या खात्यातून निघून बहाव्याकडे जातो.
बहावा नऊ प्रकारांनी लिहिला होता लोकांनी,
एकदा नुसतंच 'पिवळं झाड'.
ते मी तसंच ठेवलं.

खिलारे काका चौथ्यांदा पासवर्ड विसरले.
फोनवर म्हणाले, "यंत्राला सांगा, मी मीच आहे."
सांगितलं.
मृण्मयीला आडनाव परत पहिलं हवं होतं.
यंत्र कारण विचारत नाही,
मीही विचारलं नाही.

मग समितीचा ठराव:
दोन वर्षं न फिरकलेले सदस्य काढा,
प्रशासक वगळून.
एकतीस नावं आली.
अठ्ठ्याऐंशी. ढमाले शेवंता, केळेवाडी.
झाड चारशे एकोणीस, हिवर.
शेवटची नोंद सातशे बेचाळीस दिवसांपूर्वीची:
'पानी घातल'.
मेल मुलाच्या जुन्या कंपनीचा, तो परत येतो.

काढायचं? हो की नाही?
मी नाही दाबलं.
दया वगैरे काही नाही, झोप आली होती.

सकाळी टेकडी चढले, कितीतरी दिवसांनी.
वैशाख. खडक आत्ताच तापलेला.
चारशे एकोणीसचं आळं ओलं होतं.
फांदीला निळी सुतळी, सुतळीला रंगाचा रिकामा डबा,
पाच लिटरचा, उलटा टांगलेला.
आसपास कुणी नाही.

थोडं वर निनाद टिळेकरचा कडुनिंब.
निनादची नोंद रोज, सहा वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद.
पाचशे दिवसांत एक खाडा नाही.
आम्ही त्याला सन्मानपत्र दिलंय, शाल दिलीय.
हात लावला तर काटकी
कट्‌कन मोडली.
शून्य सेकंद!
मला तेव्हाच कळायला हवं होतं.
माणूस कधी बारा सेकंदांनी येतो,
कधी चप्पल तुटली म्हणून येतच नाही.

रात्री परत काळी खिडकी.
रूटला कुणाच्याही नावाने लिहिता येतं.
अठ्ठ्याऐंशीच्या नावाने लिहिलं: पाणी घातलं.
शुद्धलेखन तिचं नव्हतं. बदललं: पानी घातल.
एंटरवर बोट थांबलं.
निनादची स्क्रिप्ट याहून वेगळं काय करते?
एकेक अक्षर मागे घेतलं.

मग रूटमधून बाहेर पडले,
साध्या नावाने आत आले, लिहिलं:
चारशे एकोणीसचं आळं ओलं होतं,
सकाळी सात वाजून दहाला पाहिलं.

खाली यंत्राने, न विचारता, माझीच माहिती दाखवली.
सदस्य तीन. झाड क्रमांक सहा, वारस.
शेवटचं पाणी:
चौदाशे एकोणनव्वद दिवसांपूर्वी.

काडी लुकलुकते आहे.