पावणेदोन किलो

एम. वाय.च्या ओपीडीत नर्सने पेला हातात दिला.
पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज, पाच मिनिटांत संपवा,
मग दोन तास इथून हलायचं नाही.
मला सातवा लागलाय. आई शेजारी,
मांडीवर डबा, त्याला अजून हात लावायचा नाही.

फॉर्म भरणाऱ्या मुलीने विचारलं,
तुमचं स्वतःचं जन्मवजन?
मी आईकडे पाहिलं.
गेंदालालच्या काट्यावर पावणेदोन भरली, आई म्हणाली.
एका पारड्यात तू, लुगड्याच्या तुकड्यात,
दुसऱ्यात किलोचं, अर्ध्याचं, पावाचं.
पारड्याला तूरडाळीचा भुगा होता,
तो दिवसभर राहिला तुझ्या टाळूला.

कुंदाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
तिच्या वेळी मिलचा भोंगा वाजायचा,
डोहाळजेवण झालं, आणि सराफ्यातून
बाबा रात्री रबडी आणायचे द्रोणात.
ती अजून दोन-दोन पायऱ्या चढते एका दमात.
तीच आई, परदेशीपुऱ्यातली तीच खोली, तोच स्टोव्ह.
माझ्या वेळी फक्त गेटला कुलूप होतं.

त्या थंडीत तू काय खायचीस?
आई डब्याच्या कडीशी खेळत राहिली.
सगळ्यांचं झाल्यावर खायचे.
आणि उरलं नाही तर?
शेव असायची की. वरून पाणी प्यायलं की फुगते पोटात.

मी आतच होते तेव्हा.
तिथेच शिकले असणार,
येईल ते धरून ठेवायचं, उद्याचा भरवसा नाही.
हाडाला थोडं कमी, मांसाला थोडं कमी,
चिमूटभर लपवायचं पोटाभोवती.
रक्तात एक कंजूष मुनीम बसला तो बसलाच;
पुढे पोहे-जिलेबीचे दिवस आले
तरी वही मिटायला तयार नाही.
अंगाने काडी मी, आणि साखर काठोकाठ.

डॉक्टर लुणावत मागे सहज बोलून गेल्या,
माझ्या पोटावरची जेल पुसता पुसता,
मुलगी आईच्या पोटात असते ना
तेव्हाच तिची सगळी बीजं तयार होतात.
सिटी बसमध्ये मी बोटं मोजत राहिले.
म्हणजे तूसुद्धा होतंस,
कोण आहेस ते ठाऊक नाही मला,
पण त्या थंडीत, त्याच शेवेवर,
एका घासात आपण तिघं.

शेवटची सुई. अकरा वाजून दहा.
आई झाकण उघडते. ज्वारीची भाकरी, मेथी, मूग,
आणि एक अंडं, जे तिने जन्मात पहिल्यांदा उकडलं.
तू खा, म्हणते, मी नंतर.

मी भाकरी मोडते, अर्धी तिच्या हातावर ठेवते.
नंतर नाही. आत्ता.
माझ्यादेखत.