डाव्या हाताचा आवाज

बत्तीस वर्षं मी चाकांवर हातोडी मारली.
भुसावळला गाडी पाणी भरेपर्यंत
डब्यामागून डबा, ठण, ठण,
आणि एखादं चाक ठण म्हणायचं नाही,
थप्प म्हणायचं. तेवढंच ओळखायचं.
बाकी नोकरी म्हणजे चालणं.

आता संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर
बास्केटबॉलचं गुणपत्रक लिहितो.
टेबल हलतं, एका पायाखाली
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा.

सायमा तडवी, पालची.
आली तेव्हा अकराची, मावशीकडे शिकायला ठेवलेली,
पायात भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
खांबाला उभी केली, डोक्यावर वही टेकवून
रेघ मारली: एकशे एकोणपन्नास.
आणि वहीच्या मागच्या पानावर,
उजवा हात: ठण. डावा: थप्प.

तिला सांगितलं नाही. मी कोच नाही,
शिट्टी पाचपांडे मॅडमची.
मी मान खाली घालून ऐकतो.

तेराव्या वर्षी एका उन्हाळ्यात नऊ सेंटिमीटर.
मावशी म्हणाली, काबरं व, ड्रेस शिवू का तंबू?
स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायची,
उठायची, गुडघ्यावरची माती न झटकता.
त्या मेमध्ये सिमेंट इतकं तापायचं
की बॉल पहाटेच. शेडमधून इंजिनं भुंकायची,
आणि ही डाव्या हातानं पाचशे,
उजवा हात ओढणीनं कमरेला बांधून.
कोणी सांगितलं?
"तो मधे मधे करतो, काका."

फ्री-थ्रोच्या रेषेजवळ एक तडा आहे,
मालगाडीच्या हादऱ्यानं की खालच्या काळ्या मातीनं,
कोण जाणे. पाहुण्यांचा बॉल तिथे पळतो.
ती त्यांना बरोबर तिथेच न्यायची.
हसायची नाही. फक्त न्यायची.

धुळ्याशी तेवीस गुण.
नंदुरबारला चार, मग पाचवा फाउल,
बाकावर टॉवेलखाली तोंड.
तेवीस लिहिले त्याच शाईनं
मी चारही लिहिले.

पुण्याहून निवड करणारे दोघे आले.
तळवा मोजला, पसरलेले हात मोजले, उडी मोजली,
आईची उंची विचारली,
जशी बाजारात कालवडीची वंशावळ.
माझ्या वह्या मागितल्या. दिल्या.
मग दुपारचा सामना, शेवटचे नऊ सेकंद,
एका गुणानं मागे, बोर्डाखाली ही, अंगावर दोघी,
अख्खं मैदान ओरडतंय, टाक ना व माय!
आणि हिनं मान न वळवता, जमिनीवर एकदाच आपटून,
डाव्या हातानं कोपऱ्यातल्या ऋत्वी फिरकेला दिला,
जी सबंध वर्षात दोनदा टाकते
आणि दोन्हीदा माफी मागते.
पडला.

पत्रकात दोन गुण, फिरके.
पास लिहायला रकाना नाही.
पुण्याचे साहेब वाकून म्हणाले,
हे तुम्ही कुठे लिहिता?
मी म्हणालो, ऐकलंत का?
ते म्हणाले, काय?

जूनमध्ये गेली. एक बॅग,
भावाचे बूट मावशीच्या माळ्यावर.

परवा फोन आला.
इथली फरशी लाकडाची, काका,
बॉल आधीच वर येतो, हात उशिरा पोचतो.
पहिल्या पाचात नाही अजून.
केळी देतात रोज, पण आपल्याकडची नाहीत.
मी म्हटलं, फोन खाली ठेव. बॉल मार. डावा.
मारला.
म्हटलं, परत.
परत मारला.
लाकडाचा आवाज मला ओळखता येईना.
ठण नाही, थप्प नाही,
काहीतरी गोल, कानाला नवीन.
छान आहे, म्हटलं. खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.
मग उंची विचारली.
एकशे अठ्ठ्याहत्तर, नर्सनं मोजली.

संध्याकाळी पोरं यायच्या आधी
खांबाला टेप लावली.
कोणी टेकलेलं नव्हतं.
तेवढ्यावर रेघ मारली.