शेड

कॉलेज रोडला पंचावन्न इंची तीन टीव्ही, तिन्हींवर एकच बर्फ.
पोरगा म्हणतो, "काका, ओलेडचा काळा म्हणजे
ठिपकाच विझतो. क्यूलेड उजेडाला भारी.
हा साधा. तुम्हीच बघा."

हे बघतात.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
केसभर हिरवा सरकला
तरी ताव बाजूला काढणारे.

उजवा डोळा मिटतात. मग डावा.
मोतीबिंदू एकाचाच निघालाय.
नव्या डोळ्याला बर्फ निळा,
जुन्याला तोच, चहात बुडवलेला.

पोरगा रिमोट धरून ताटकळतो.
"दुसऱ्याचं ऑपरेशन झालं की येऊ."

पायरीवर मी पदर पुढे धरते :
"हा रंग कोणता हो?"

"कुठल्या डोळ्यानं सांगू?"

"ज्यानं घेतली होतीत, त्या."